रात्र द्यायची राहिली

त्या शनिवारी ताईंना घरी जायची घाई होती. दुसऱ्या दिवशी धाकटा भाऊ जेवायला येणार होता. याआधी तीनदा ‘येतो’ म्हणून त्याने टांग दिली होती, पण या खेपेला फोन त्याने आपणहून केला होता आणि ताई हुरळून गेल्या होत्या. आई गेल्यापासून दोन वर्षांत त्यांच्या दारात गॅसवाल्याखेरीज कोणी उभं राहिलेलं नव्हतं.

ताईंचं काम म्हणजे जुन्या चित्रपटांना रात्र देणं. ऐकायला गमतीचं वाटेल, पण संग्रहालयात सगळे तसंच म्हणत. शंभर वर्षांपूर्वी अंधारात चित्रण जमत नसे. म्हणून रात्रीचे प्रसंग भर उन्हात उरकायचे आणि फिल्मचा तेवढा तुकडा निळ्या रंगात बुडवायचा. पडदा निळा झाला की लोकांनी समजून घ्यायचं, रात्र झाली. पुढे डब्यात पडून पडून तो रंग उडून जाई. तळघरात बसून ताई यादीबरहुकूम एकेक तुकडा पुन्हा टबात बुडवत आणि दोरीवर वाळत घालत. वीस वर्षं हेच केल्यामुळे त्यांची बोटं कायमची निळी झाली होती.

सध्या काम चालू होतं एका पिशाच्चाच्या मूकपटावर. पुढच्या महिन्यात त्याचा खेळ होता.

“ताई, एक सांगा, आहे काय हो यात?” संग्रहालयाचे साहेब जिन्यावरूनच म्हणाले. “ना रक्त, ना सुळे. माझी नात खिदळेल हे बघून. आणि तिकिटं सकाळी अकराच्या आत संपली!”

“तो येतो ना, म्हणून,” ताई म्हणाल्या.

“म्हणजे?”

“इतक्या लांबून, एका बाईसाठी. आणि येऊन दारात थांबतो, धसमुसळेपणा नाही. असं कोण येतं हो हल्ली कोणाकडे?”

साहेब हसले आणि वर निघून गेले. ताईंनी मात्र हे हसण्यावारी म्हटलेलं नव्हतं.

चित्रपटभर तो तीनदाच दिसे. उंच, काटकुळा, टोपी छातीशी धरलेली. एकदा रस्त्यावर, एकदा फाटकाशी आणि शेवटी दारात. तिथे पडद्यावर अक्षरं उमटत: ‘बोलावल्याशिवाय मी आत येत नाही.’ आणि मग सदतीस सेकंद तो नुसता उभा राही. ताईंनी तो तुकडा भिंगाखाली धरला. रंग उडाल्यामुळे तिथे लख्ख ऊन पडलं होतं. पायरी पांढरीफटक, आणि त्याची सावली भरदुपारी पडते तशी पायांशी गोळा झालेली. बिचाऱ्याला उन्हात ताटकळत ठेवलंय, असं त्यांच्या मनात आलं.

पाच वाजले. घर आवरायचं होतं, बाजार करायचा होता. ताईंनी टब रिकामा केला. दारातला तो एक तुकडा तसाच, रात्र न देता, दोरीवर लटकत राहिला. सोमवारी बघू, असं म्हणून त्यांनी दिवा मालवला.

रविवारी सकाळपासून त्या स्वयंपाकघरात होत्या. टेबलावर दोन ताटं मांडली, दाराची कडी काढून ठेवली. सव्वाबाराला घंटा वाजली.

“अरे, उघडंच आहे दार!” हात साबणाचे होते, म्हणून त्यांनी आतूनच हाक दिली. “ये, आत ये!”

दार उघडल्याचं ऐकू आलं, मग हलकेच लावल्याचं. भाऊ दार नेहमी आपटायचा. शिकला वाटतं शहाणपण, असं म्हणत ताई स्वतःशीच हसल्या.

“बस रे, आलेच!”

खुर्ची सरकली. ताई हात पुसत होत्या, तेवढ्यात फोन वाजला.

“ताई, रागावू नकोस हं… पोरीला ताप आलाय. आज काही जमत नाही.”

ताईंनी बाहेरच्या खोलीकडे कान दिला.

“तू… कुठून बोलतोयस?”

“घरूनच. का गं?”

“काही नाही… काही नाही रे.”

बाहेरच्या खोलीत कोणी नव्हतं. दुसऱ्या ताटासमोरची खुर्ची टेबलापासून हातभर मागे ओढलेली होती. खोलीत आंबूस वास पसरला होता. तो वास ताई ओळखत होत्या. जुन्या फिल्मचा डबा उघडला की तोच येतो. धीर करून त्यांनी दार उघडून पाहिलं. घंटेच्या बटणावर निळ्या बोटाचा ठसा होता. आपलाच असेल, असं त्यांनी मनाला सांगितलं. पण एकट्या राहणाऱ्या माणसाला आपल्याच घराची घंटा कधी वाजवावी लागत नाही.

ताई घाबरल्या. तासभर त्या भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या. काहीच घडलं नाही. शेवटी भूक लागली तेव्हा त्या खुर्चीवर नजर ठेवूनच त्यांनी दोन्ही ताटं वाढली आणि त्या समोर बसल्या. एरवी त्या ओट्याशी उभ्यानेच चार घास पोटात ढकलत. टेबलाशी बसून जेवायची वेळ दोन वर्षांनी आली होती. त्या दिवशी त्या पोटभर जेवल्या.

सोमवारी त्यांनी तो तुकडा पुन्हा भिंगाखाली धरला. दार होतं, पांढरीफटक पायरी होती, ऊन होतं. पायरीवर माणूस नव्हता आणि त्याची सावलीही नव्हती.

“ताई, तेवढी शेवटची रात्र दिलीत ना?” साहेबांनी वरून विचारलं.

टब तयारच होता. तुकडा बुडवला की तिथे रात्र होणार आणि त्याला आपल्या जागी परतावं लागणार. हे ताईंना कोणी सांगितलं नव्हतं, पण इतकी वर्षं चित्रपटांना रात्र देणाऱ्या बाईला तेवढं कळत होतं. त्यांनी तुकडा टबावर धरला. हात भरून येईपर्यंत धरला. मग गुंडाळून पर्समध्ये टाकला.

“खराब निघाला हो तो,” त्या म्हणाल्या. साहेबांशी त्या पहिल्यांदाच खोटं बोलल्या.

गुरुवारी संध्याकाळी भावाचा फोन आला.

“ताप उतरला बरं का. या रविवारी नक्की. पोरीलाही आणतो, आत्या आत्या करतेय नुसती.”

भाचीचं नाव निघताच ताईंना भरून आलं. त्यांनी फोन दोन्ही हातांनी धरला. बोटांचा वीस वर्षांचा निळा रंग चार दिवसांत पार उतरला होता, आणि खालची कातडी कागदासारखी पांढरी निघाली होती. हल्ली जिना चढतानाही त्यांना धाप लागे.

“नको रे,” त्या हळूच म्हणाल्या. “तिला नको आणूस… तूही नको येऊस. पाहुणे आहेत माझ्याकडे.”

“तुझ्याकडे? कोण?”

“तुझ्या ओळखीचे नाहीत.”

“किती दिवस आहेत?”

ताईंनी टेबलाकडे पाहिलं. खिडकीतून तिरपं ऊन येत होतं. ताटांच्या, पेल्यांच्या, त्यांच्या स्वतःच्या सावल्या लांबच लांब होऊन भिंतीवर चढल्या होत्या. समोरच्या खुर्चीपुढे जमिनीवर मात्र एक सावली तेवढी आखूड होती, भरदुपारी पडते तशी गोळा झालेली.

“माहीत नाही रे,” ताई म्हणाल्या. “मी विचारलं नाही.”