मागच्या सीटचा पट्टा

हे वाचून कोणी हसलं तरी माझी हरकत नाही. दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर मीही हसलेच असते. पण गाडी मी चालवत होते, आणि तो पट्टाही मीच लावला.

मी ड्रायव्हिंग स्कूल चालवते. चौदा वर्षं लोकांना गाडी शिकवतेय. भुताखेतांसाठी मला वेळ नाही.

मार्चमधला गुरुवार होता. दुपारचे अडीच. लख्ख ऊन.

माझी मावशी, आईची एकुलती एक बहीण, आम्ही परदेशात राहतो तिथून तीन देश ओलांडून पलीकडे राहते. ती अतिदक्षता विभागात होती. दोघी बहिणींची अकरा वर्षांत भेट नव्हती. आईच्या कानाचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे विमानप्रवासाला डॉक्टरांचा साफ नकार. म्हणून दादाची इलेक्ट्रिक गाडी काढली. दोन दिवसांचा रस्ता. आईचं एकच पालुपद चाललेलं.

"तिचे डोळे उघडे असताना पोचवा रे मला."

दुसऱ्या देशात, एका बंद हॉटेलासमोर चार्जर मिळाला. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. आईने तिच्या शेजारचं, मागचं उजवं दार उघडून चुरा झटकला आणि दार तसंच ठेवलं.

चाळीस मिनिटं ते दार सताड उघडं होतं.

"कोणाला लिफ्ट द्यायचीय का?" दादा म्हणाला. दादा फ्रीज दुरुस्त करतो, आणि त्याचे विनोदही तसेच गार असतात.

ऐंशी टक्के झाल्यावर आम्ही निघालो. त्यापुढे चार्जिंग फार हळू होतं, आणि आम्हाला तर एकेक मिनिट महत्त्वाचं.

शंभर मीटर गेलो असू...

टिंग. टिंग. टिंग.

पडद्यावर लाल खूण. मागची उजवी सीट. पट्टा लावलेला नाही.

"पिशवी ठेवलीय का गं तिथे?"

"काही नाही," आई म्हणाली.

मी थांबले. हाताने सीट चाचपली. रिकामी होती. फक्त... गार होती. बर्फासारखी. एवढ्या उन्हात.

"सेन्सर गेला असेल," दादा म्हणाला. "चल, उशीर होतोय."

टिंग. टिंग. टिंग. डोकं उठलं. शेवटी मी रिकाम्या सीटवरून पट्टा ओढला आणि खटकन लावून टाकला. ही चलाखी करणाऱ्या कितीतरी शिष्यांना मी झापलंय. पट्टा माणसासाठी असतो, आवाज बंद करायला नाही, असं दरवेळी ठणकावून सांगते.

आवाज बंद झाला.

त्यानंतर गारठा सुरू झाला. हीटर पूर्ण लावला तरी मागे थंडीच. बॅटरी भराभर उतरू लागली. दादा आकड्यांकडे बघत होता, विनोद बंद झाले होते.

मावसभावाचा फोन दुपारपासून लागत नव्हता. तिघांच्या मनात एकच होतं, मावशी गेली तर नसेल?

मग मी आरशात पाहिलं...

आईने आपली शाल शेजारच्या सीटवर ठेवली होती. ती सीटवर पडली नव्हती. कोणीतरी खांद्यावरून पांघरावी, तशी उभी होती.

आणि आईचा हात कोणीतरी धरल्यासारखा हवेत होता.

"आई?"

"गाडी चालव तू." आई रडत होती, पण आवाज शांत होता. "तिला राहवलं नाही गं. तीच आली मला भेटायला."

दादाने तोंड फिरवून डोळे पुसले. मीही रडले. खरं सांगते, त्या क्षणी माझी भीतीच गेली. मावशीची कसली भीती?

पुढच्या सीमेवर शिपायाने तीन पासपोर्ट परत दिले आणि मागच्या खिडकीशी वाकून नमस्कारासारखी मान हलवली. उजव्या सीटकडे बघून. आई डावीकडे होती.

रात्री आणखी दोनदा चार्ज करूनही शुक्रवारी सकाळी हॉस्पिटलच्या आवारात पोचलो तेव्हा दोन टक्के चार्ज उरला होता. आईने स्वतः तो पट्टा सोडला. "चल गं, पोचलो," म्हणाली.

वर गेलो. मन घट्ट करून दार उघडलं.

मावशी पलंगावर बसून चहा पीत होती!

"अगंबाई, आलीस!" म्हणून तिने हात पसरले. मावसभावाचा फोन पाण्यात पडला होता, एवढंच. दादा वेड्यासारखा हसत सुटला.

आई दारातच उभी होती. आपल्या उजव्या हाताकडे बघत.

"मग मी रात्रभर हात कोणाचा धरला होता?"

आम्ही दोघं दोन दिवसांनी परतलो. आई बहिणीपाशी राहिली. येताना गाडी मस्त उबदार होती. एकदाही टिंग वाजलं नाही. मला हायसं वाटलं...

आणि मग आरशात मागच्या रिकाम्या सीटकडे नजर गेली. गाडीत नाही, तर कुठे आहे?

काल आईचा फोन आला. मावशी घरी आलीय, तब्येत सुधारतेय. "खोलीत गारठा मात्र फार आहे गं. हीटर लावला तरी."

"आई, तुझी शाल कुठाय?"



"हळू बोल," ती कुजबुजली. "मावशी झोपलीय... पण ती जागी आहे."

उद्या आईला आणायला निघायचंय. दादा म्हणतो, मागची उजवी सीट काढूनच टाकू.

"मग ती आईच्या मांडीवर बसेल," मी म्हटलं.

दादाने हातातला पाना परत पेटीत ठेवला. सीट अजून तशीच आहे.