माहेरचं सभासदत्व

टँकरच्या केबिनमधून उतरलेला माणूस टँकरचाच असणार, असं केसरनं धरून टाकलं. चूक तिची नव्हती. सत्त्याऐंशी सालचा श्रावण निम्मा सरला तरी आभाळ कोरडं होतं, टाकळवाडीच्या बौद्धवाड्यात सकाळपासून घागरींची ओळ लागली होती, आणि सकाळचा टँकर आला तो उन्हं कलल्यावर. केसर ओव्हाळ बालवाडीची बाई. पोरांना ओळीत बसवायची सवय, म्हणून घागरींची ओळही तिच्याच गळ्यात पडलेली. दिवसभर बायांची बोलणी तिनंच खाल्ली होती. तेव्हा तो माणूस खाली उतरून चपलेतला खडा झटकू लागला, तसं तिनं सरळ विचारलं, "इतका येळ कावून लावला?"

तो काही सांगणार तोवर तिनं पाइपाचं तोंड त्याच्या हातात दिलं होतं. आधी म्हाताऱ्यांच्या घागरी, मग बाळंतिणीच्या घरच्या, मग ओळीनं — आणि थेंब सांडायचा नाही. त्यानं मान हलवली आणि पाइप धरला. शर्ट पोटापर्यंत भिजला, पाठीवर ऊन, कपाळावर पाण्याचे शिंतोडे... केसरच्या मनात आलं, या टँकरवाल्याचे डोळे बरे आहेत. तेवढंच. टँकर रिकामा होऊन धुरळा उडवत निघून गेला, आणि हा तिथंच उभा.

"तुमी न्हाई गेला?"

"मी टँकरचा न्हाई," तो शर्ट पिळत म्हणाला. "नेकनूरला यष्टी चुकली, म्हणून त्यात बसून आलो. आश्रुबा गुरुजींचं घर कुठं हाय?"

आश्रुबा गुरुजी म्हणजे केसरचे वडील. तिचे कान तापले. "मंग आधी सांगायचं न्हाई का?"

"तुमी बोलू दिलं कुठं?"

त्याचं नाव शहादेव जोगदंड. मूळचा माजलगावकडचा, नोकरी नेकनूरच्या भागात — गावोगावच्या सेवा सोसायट्यांचा गटसचिव. सभा बोलावणं, ठराव लिहिणं, पोटनियम समजावून सांगणं हे त्याचं रोजचं काम. गुरुजींनी त्याला बोलावलं होतं ते त्यासाठीच. वाड्यातलं विहार म्हणजे गावठाणाच्या कोपऱ्यावरची पत्र्याची खोली. ती जागा समाजाच्या नावावर लागायची तर मंडळ नोंदवलेलं पाहिजे, आणि मंडळ म्हटलं की सभासद कोण, कारभारी कोण, निर्णय कसा घ्यायचा, हे सगळं लिहून द्यायला पाहिजे. तोवर टाकळवाडीत एकच नियम होता — गुरुजी म्हणतील ते. माणूस सज्जन, पण सगळं त्यांच्याच शब्दावर चालत आलेलं. ऊसतोडीचा मुकादम सर्जेराव अलीकडं उघड म्हणायला लागला होता की विहार म्हणजे काय गुरुजींची पडवी आहे का. बाहेरचा माणूस येऊन नियम करील, यावर मात्र दोघांचंही एकमत झालं.

मग शहादेव दर रविवारी सायकलवरून यायला लागला. वंदना झाली की तिथंच बैठक बसायची. केसरचं अक्षर वळणदार, म्हणून मसुदा ती लिहायची.

पहिलाच वाद गप्प बसण्यावरून झाला. गुरुजींचं म्हणणं, जुन्या भिक्खूसंघात एखादी गोष्ट तीनदा विचारायचे आणि कुणी बोललं नाही की मान्य धरायचे. आपणही तसंच करावं. सगळ्यांनी माना डोलावल्या. केसरनं लिहिता लिहिता मान वर न करता सांगितलं की भिक्खू सगळे बरोबरीचे होते. इथं सून गप्प बसते ती समोर सासरा बसलेला असतो म्हणून. तिच्या गप्प बसण्याला होकार म्हणता येत नाही. खोलीत शांतता पसरली, आणि ती होकाराची आहे की नकाराची हे कुणालाच सांगता येईना. शहादेव हसला नाही. पण त्यानं तिच्याकडं बघितलं ते जरा जास्त वेळ बघितलं. 'हात वर करून मत द्यावे' असं कलम पडलं.

दुसरा वाद ऊसतोडीवाल्यांचा. त्या वर्षी दुष्काळामुळं निम्म्याहून अधिक वाडा दसऱ्यानंतर कारखान्यांवर जाणार होता. जी माणसं अर्धं वर्ष गावात नाहीत त्यांना सभासद कसं धरायचं, अशी शंका गावात राहणाऱ्यांनीच काढली. भिमाबाई कोपऱ्यात बसली होती, कोयत्यानं हातांना घट्टे पडलेली. ती म्हणाली, "आमी ऊस तोडाया जातो. धम्म सोडाया न्हाई जात." शहादेवनं तोड काढली — वार्षिक सभा वैशाखात, बुद्धपौर्णिमेलाच घ्यायची. तोवर सगळे परतलेले असतात. इतकी साधी गोष्ट, पण भिमाबाईनं त्या दिवशी त्याला घरी नेऊन भाकर खाऊ घातली.

बैठक उठली की शहादेव सायकल हातात धरून ओढ्यापर्यंत चालत जायचा आणि मसुद्यातलं काहीतरी विचारायचं राहिलं म्हणून केसर सोबत जायची. दर रविवारी काहीतरी राहायचंच. ओढ्यात पाणी नव्हतं. पांढरी वाळू आणि तिच्यावर गुरांची पावलं. संध्याकाळचा वारा सुटायचा, तिचा पदर उडायचा, आणि तो मुद्दाम दुसरीकडं बघायचा... ते मुद्दाम बघणं तिला कळायचं.

एका रविवारी तिनं विचारलं, "हे सातवं कलम असं कावून? लेकीचं लगीन झालं की सभासदत्व आपोआप रद्द?"

"सगळीकडं असंच लिहितात."

"तुमी माजलगाव सोडून हिकडं आला. तुमचं तिथल्या विहारातलं रद्द झालं का?"

"न्हाई. पर माझं लगीनबी झालं न्हाई."

"ते मी विचारलं न्हाई."

"मी आपलं सांगून ठेवलं."

ती वळली आणि भराभरा चालत घरी आली. चुलीपुढं बसल्यावरही तिला हसू येत होतं. आईनं काय झालं म्हणून विचारलं, तर ती म्हणाली, धूर डोळ्यात गेला.

पितृपक्ष लागायच्या सुमाराला त्यानं विचारलंच. ओढ्याच्या काठाला सायकल टेकवली, घंटी उगाच एकदा वाजवली आणि म्हणाला, "आई म्हणती, एखादी पोरगी बघ. मी बघितली. तिनं माझ्या हातात पाइप दिला."

केसर वाळूकडं बघत राहिली.

"गप बसला," तो हळूच म्हणाला. "होकार समजू का?"

"आपल्या नियमात गप बसणं म्हंजी होकार न्हाई."

दोघंही हसले. पण मग ती गंभीर झाली. सभा होऊन सातव्या कलमाचा निकाल लागेपर्यंत थांबू, असं तिनं सांगितलं. लग्नाचं आधी ठरलं तर लोक म्हणतील, सचिवानं आपल्या बायकोसाठी नियम केला. तो डाग नियमाला लागेल आणि तिलाही.

शहादेवला ते पटलं, पण त्याला सोपी वाट दिसत होती. "तर मंग त्या कलमाचा नाद सोडा. लगीन झाल्यावर आमच्याकडल्या विहारात व्हा की सभासद. मी लगेच करून देतो."

तिचा चेहरा उतरला. "तुमी करून देणार. तिथं मी तुमची बायको म्हणून असंन. हितं मी केसर म्हणून हाय. ही खोली बांधताना मी शाळंत होते. डोक्यावर पत्रे वाहिले मी. लगीन झालं म्हणून ते वाहिलेलं पुसतं का?"

सायकलवर टांग टाकून तो गेला आणि पुढचे दोन रविवार आलाच नाही. सोसायटीच्या कामात अडकलोय, असा निरोप मात्र आला. केसरनं मसुदा पुरा केला. वरून शांत होती; बालवाडीतल्या पोरांवर मात्र विनाकारण डाफरत होती. तो यायचाच नाही असं तिनं मनाशी ठरवूनही टाकलं, आणि सातव्या कलमाचा हट्ट सोडायचा नाही हेही.

सभा दसऱ्याच्या आधी, सकाळी भरली. विहारात माणूस मावत नव्हता. शहादेव आला होता. दाराशी बसला, तिच्याकडं बघून काही बोलायला गेला, पण तोवर वंदना सुरू झाली.

सहा कलमं सुरळीत पार पडली. सातवं केसरनं बदलून लिहिलं होतं — लग्न होऊन गेलेली लेक, तिची स्वतःची इच्छा असेल तर, सभासद राहील. सर्जेराव उठला. त्याचं म्हणणं साधं होतं आणि बऱ्याच जणांचं तेच होतं: लेकी दुसऱ्या गावच्या होतात, उद्या जागेचा वाद निघाला तर परगावचे जावई त्यांच्या आडून कारभार करतील.

गुरुजींनी मत घ्यायला सांगितलं. तेव्हा केसर कागद खाली ठेवून उभी राहिली.

"त्याआधी एक सांगायचं हाय," ती म्हणाली. "या कलमात माझा सोताचा संबंध येतो. सचिवांनी मला मागणी घातलीय. अन् माझ्या मनात... हो हाय. माझं लगीन झालं तर हे कलम मलाच लागू व्हईल. म्हणून मी यावर मत देणार न्हाई. तुमी ठरवा."

बायांनी पदर तोंडाला लावले. शहादेवचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. तो मुकाट उठला आणि बाहेर निघून गेला. गुरुजी लेकीकडं बघत राहिले. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. मग ते म्हणाले, "ती माझी पोरगी हाय. मंग मीबी मत देणार न्हाई." आणि अध्यक्षाच्या जागेवरून उठून ते भिंतीशी जाऊन बसले. इतक्या वर्षांत गुरुजींशिवाय झालेला विहारातला तो पहिला निर्णय.

पुढं चतुराबाई बोलली. ती तरुणपणीच नवरा गेल्यावर माहेरी परतलेली, आता केस पिकलेले. तिनं विचारलं, मी सासरची न्हाई, माहेरची न्हाई, मंग मला कोन्या कलमात बसवता? हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. थोडी घासाघीस झाली. लेकीनं वार्षिक सभेला स्वतः हजर राहिलं पाहिजे, तिच्या वतीनं नवऱ्याला बोलता येणार नाही, अशी सर्जेरावची अट घातली गेली. हात वर झाले. कलम मंजूर झालं. सर्जेरावनं अट घालूनही विरोधातच हात वर केला, पण खाली बसताना म्हणाला, पोरीनं लपवलं न्हाई, हे बरं केलं.

केसरला मंडळाची सचिव करायचं सगळ्यांच्या मनात होतं. ती नको म्हणाली. जी जाणार तिनं रोजचं काम अडवून ठेवू नये. सचिव झाली शिलाईमशीन चालवणारी सरूबाई, आणि गुरुजींच्या जोडीला उपाध्यक्ष म्हणून भिमाबाई.

शहादेव बाहेर लिंबाच्या झाडाखाली उभा होता. लिंबाच्या काड्या मोडून मोडून त्यानं पायाशी ढीग केला होता.

"माझ्याआधी सगळ्या वाड्याला कळलं," तो म्हणाला.

"एकदमच कळलं. कुणाला आधी न्हाई."

"मी माजलगावला गेलतो," त्यानं नजर खाली घालूनच सांगितलं. "आमच्या विहारातली यादी बघितली. माझ्या बहिणीचं नाव खोडलेलं हाय. लगीन झालं त्याच साली. मी इतक्या सभा घेतल्या, पर ते कधी माझ्या डोळ्याला दिसलंच न्हाई. तुमी म्हणत होता ते... मला उशिरा कळलं."

"मंग आता?"

"आता तिथंबी सभा बोलावलीय." तो थांबला. "तुमी याल का? सभासद म्हणून न्हाई. अजून न्हाई. सोबत म्हणून."

त्याच्या बाहीला लिंबाचं वाळलं पान चिकटलं होतं. तिनं ते काढलं, आणि हात लगेच मागं घेतला नाही.

घरी गुरुजी त्या दिवशी फारसं बोलले नाहीत. घरात आधी सांगायला पाहिजे होतं, एवढंच म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी स्वतः नेकनूरला जाऊन शहादेवच्या आईसाठी निरोप ठेवून आले.

लग्न वैशाखात ठरलं, बुद्धपौर्णिमेच्या दिवशीच. कारखान्यावरून सगळे परत आल्याशिवाय मांडवाला माणसं कुठून येणार? सकाळी वार्षिक सभा, दुपारी लग्न. पण सभा लांबली. जागा नावावर लागली होती आणि विहारासाठी बांधायच्या नव्या खोलीचं दार कोणत्या बाजूला ठेवायचं यावरून सर्जेराव आणि गुरुजी पुन्हा हमरीतुमरीवर आले होते. माजलगावची मंडळी टेम्पोतून उतरून लिंबाखाली टेकली. उन्हानं जीव नकोसा झालेला, पाणी दोनदा फिरवून झालं.

शहादेवची आई विमलबाई पदरानं वारा घेत म्हणाली, "नवरी कुठं हाय?"

आतून, पत्र्याच्या भिंतीपलीकडून, केसरचा आवाज येत होता. दार रस्त्याच्या बाजूलाच पाहिजे, म्हणजे कामावरून येणाऱ्या बायांना वळसा पडत नाही, असं ती ठासून सांगत होती.

शहादेवनं डोक्यावरचा फेटा काढून मांडीवर ठेवला आणि लिंबाच्या बुंध्याला पाठ टेकली.

"बस, आई," तो म्हणाला. "अजून दोन विषय बाकी हायेत."