चेंडू पायाला लागला होता

कॉरिडॉरच्या वळणावर दोघांची अशी टक्कर झाली, की तिच्या हातातली बर्फाची पिशवी फुटली आणि खडे चारी दिशांना पळाले.

"मैदानावर एवढ्या जणांना चुकवता, एक डॉक्टर नाही चुकवता आली?" तिने खडे गोळा करत विचारलं.

"चुकवायची होती कुठे?" तो बोलून गेला... आणि स्वतःच कानापर्यंत लाल झाला.

संघात त्याला सगळे भिंगरी म्हणायचे. आंतरराष्ट्रीय हॉकी स्पर्धेचा उपांत्य सामना नुकताच त्याच्या गोलने जिंकला होता. ती स्पर्धेची डॉक्टर. पहिल्या दिवसापासून तो तिला लांबूनच पाहत होता. आज लंगडण्याच्या निमित्ताने तिच्या खोलीत बसायला मिळालं, म्हणून स्वारी भलतीच खुशीत होती. पट्टी बांधून झाली की कॉफीचं विचारायचं, बस!

तिने मोजा उतरवला. घोट्याच्या आतल्या बाजूला एक गोल, लालभडक सूज.

"चेंडूचा मार आहे हा. कधी लागला?"

"काल... सरावात."

"कालचा असता तर आज काळानिळा पडला असता." तिने मान वर केली. "गोलच्या आधी लागला ना?"

हॉकीत स्वतःच्या पायाला लागलेल्या चेंडूवर केलेला गोल धरत नाहीत. पंचांना ते दिसलं नव्हतं, समोरच्या संघाने दाद मागायची संधी आधीच घालवली होती... आणि भिंगरी मात्र हात उंचावून मैदानभर धावला होता.

आता त्याची नजर जमिनीला खिळली. ती शांतपणे पट्टी गुंडाळत राहिली.

"घाबरू नका. पेशंटची गुपितं मी पोटात ठेवते."

त्यापेक्षा तिने मुस्काटात मारली असती तर बरं! कॉफी ओठांवरच राहिली.

हॉटेलवर पोचतो तोच आईचा फोन. "अरे, तुझे बाबा अख्ख्या गल्लीला गोल सांगत सुटलेत. घसा बसला त्यांचा!" तो नुसता हं हं करत राहिला. समोरच्या आरशाकडे त्याने पाठ केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, हरलेल्या संघाच्या बसमध्ये बॅगा चढत होत्या. तो त्यांच्या कप्तानासमोर उभा राहिला आणि एका दमात सगळं सांगून मोकळा झाला.

"निकाल बदलणार आहे का?" कप्तानाने विचारलं.

"नाही."

"मग माझ्या कानात कशाला सांगतोस? तुझं ओझं हलकं करायला?"

कप्तानाचं काय चुकलं होतं? दुपारी पत्रकारांसमोर त्याने तेच पुन्हा सांगितलं, मोठ्याने. प्रशिक्षक कडाडले, "अंतिम सामन्याच्या तोंडावरच सुचलं हे?" आणि त्याला संघाबाहेर बसवलं.

पुढच्या दिवशी अंतिम सामना संघ हरला. त्याचा जिवलग गोलकीपरसुद्धा पाठ फिरवून गेला. रिकाम्या होत चाललेल्या गॅलरीत तो मान खाली घालून बसला होता, तेव्हा शेजारची खुर्ची करकरली.

"फार लाज वाटतेय?" तिने विचारलं.

"आधी खोटं बोलल्याची. आता सगळ्यांना बुडवल्याची... आणि तुमच्यासमोर तर—"

"माझ्यासमोर काय?"

"तुम्हाला आवडावं असं वाटत होतं मला. नेमकं तुम्हीच पाहिलंत."

"मी दोन्ही पाहिलं," ती हळूच म्हणाली. "सूजही, आणि काल पत्रकारांसमोर थरथरणारे हातही. त्या हातांनी माझी झोप उडवली."

त्याने चमकून पाहिलं. ती चक्क लाजली होती!

"बाहेर लोक शिव्या घालायला उभे असतील," तो म्हणाला.

"मग लंगडत चल. लंगड्याला लोक कमी शिव्या देतात."

"पाय बरा झालाय. आणि पुन्हा खोटं—नको."

"बरं, नको लंगडूस." तिने त्याचा हात उचलून आपल्या खांद्यावर ठेवला. "पण हात असू दे तसाच."