बोराएवढं यीस्ट

"पाव नको. यीस्ट पायजे... बोराएवढं."

बायजाने मान वर केली. कर्जतच्या बाजारात तिच्या वडिलांची, आबाजींची बेकरी सुरू झाली त्याला अकरा वर्षं झाली होती. पण बेकरीत येऊन पाव नको म्हणणारं गिऱ्हाईक तिने पहिल्यांदाच पाहिलं. श्रावणातली सर चुकवायला आत शिरलेला, कपाळावरून पाणी निथळतंय, आणि वर ऐटीत हसतोय.

"बोराएवढ्या यीस्टचं काय करनार?"

"झाडांना घालनार."

"झाडं फुगवता काय?"

"पान्यातली झाडं हायत. या की बघायला."

"बघू," म्हणत तिने यीस्टच्या वडीचा कोपरा मोडला आणि कागदात बांधून दिला. बोरापेक्षा अंमळ मोठाच.

त्याचं नाव वाल्मिक. भिसेगावात आई चंद्राबाईबरोबर राहायचा, रसायनीच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत कामाला होता. मग तो दर रविवारी येऊ लागला. सर असो वा नसो.

"झाडं कशी हायत?" ती विचारायची.

"तुमची वाट बघतात."

"झाडंच ना?"

तो नुसता बघायचा... आणि बायजाही नजर खाली घालणाऱ्यांतली नव्हती.

दिवाळीनंतर वाल्मिकच्या मामाने रीतसर मागणी घातली. बायजाचा होकार तिच्या चेहऱ्यावर दिसत होता. आबाजी घर बघायला भिसेगावात गेले – आणि अर्ध्या तासात परत आले.

"नाय जमायचं. पोरगं घरात दारू गाळतं."

"आबा!"

"डोळ्यांनी बघून आलोय. सलाईनची बाटली, आत साखरेचं पानी, बुचातून नळी. आन् वास... तो वास मला शिकवू नको."

आबाजींचा पाठचा भाऊ हातभट्टीच्या दारूनेच गेला होता. दारू शिवणाऱ्याशी लग्न करायचं नाही, हे तिनेही तेव्हाच ठरवलं होतं. आणि आता ते यीस्ट तिच्याच हातचं!

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ती वाल्मिकच्या दारात उभी राहिली. चंद्राबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि आतली खोली दाखवली.

वाल्मिक बाटलीपाशीच बसला होता. बायजाने बूच काढून वास घेतला. आबा खोटं बोलले नव्हते.

"पिता?"

"एकदा चाखलं." त्याने तोंड वाकडं केलं. "थुंकलो. आंबट, कडू... तुमाला खोटं नाय सांगनार. बाकी दर वेळेला मोरीत ओततो."

"मंग करता कशाला?"

त्याने बूच परत घट्ट बसवलं आणि मागचा पडदा सरकवला.

काचेची टाकी होती. पेज नदीतून आणलेली लांब हिरवी पानं तिच्यात दाटीने उभी. नळीचं टोक पाण्यात, पालथ्या घातलेल्या ग्लासाखाली. त्यात एकेक बुडबुडा चढत होता – टुपुक... टुपुक... आणि पानापानावर बारीक चमकते बुडबुडे धरले होते. मधून पिवळे मासे फिरत होते.

"यीस्ट साखर खातं, वायू सोडतं. तो वायू म्हंजे या झाडांचं खानं. साहेबांच्या परदेशी मासिकात वाचलं. तीन वर्षं खटपट करतोय."

बायजा वाकून बघत राहिली. पाव फुगवणारा वायू तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

"आबांना सांगा," तो हळूच म्हणाला, "टाकी उद्या मोडतो. तुमच्यापेक्षा मोठी नाय ती..."

"मोडायची नाय!" ती ताडकन सरळ झाली. "तीन वर्षांचं काम एका दिसात मोडनारा नवरा मला नको. रविवारी घरी ऱ्हावा."

घरी आबाजींना तिने एवढंच सांगितलं, "मी नाक लावून बघितलं. तुमी जरा बसून बघा. मंग नाय म्हना, मी गप बसते."

रविवारी आबाजी टाकीसमोर बसले. बायजाने त्यांच्यासमोरच बाटली मोरीत रिकामी केली, नवं साखरपाणी भरलं, यीस्ट घातलं, बूच लावलं आणि बाटली खिडकीत ठेवली. बऱ्याच वेळाने पहिला बुडबुडा वर आला. मग दुसरा.

"किती दीस चालतं?" शेवटी आबाजींनी विचारलं.

"तीन... लई तर चार."

"जास्त दीस चालंल कसं! यीस्ट निम्मं कर. पानी कोमट घे, गरम नको. आन् उन्हातनं काढ ती बाटली."

एवढं बोलून ते उठले आणि बाहेर चंद्राबाईंशी बोलायला गेले.

वाल्मिक तिच्याजवळ सरकला. "म्हंजे... नाय म्हनाले?"

बायजाने बाटली खिडकीतून उचलून त्याच्या हातात दिली. बोटं तिथेच राहू दिली.

"अरं येड्या," ती हसली, "आबा परक्या मानसाला कधी माप सांगत नायत."