रुळावरची बोटं

चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत आमचा गाळा शेवटच्या ओळीत आहे. मागे कंपाउंडची भिंत, भिंतीपलीकडे तिवरं, त्यापलीकडे खाडी. गाळा दाखवायला आलेल्या एजंटने प्रामाणिकपणे सांगितलं होतं, "मॅडम, इथे लोखंड टिकत नाही."

"माझं टिकेल," मी म्हटलं होतं.

अंधेरीतल्या एका कंपनीत मी बरीच वर्षं मशिनांची ड्रॉइंग काढली. मशीनला हात मात्र कधी कुणी लावू दिला नाही. "अक्षता, तू कॉम्प्युटर सांभाळ ना." शेवटी नोकरी सोडली आणि माझ्या चुलत भावाला, सहदेवदादाला, गाठलं. दादा वेल्डर. जन्म लालबागचा, पण तापला की बोली थेट मालवणी. आम्ही दोघांनी मिळून पत्रा कापायचं प्लाझ्मा टेबल स्वतः उभं केलं. चौकोनी पाइपांची चौकट, दोन्ही बाजूंना पोलादाचे रूळ, त्यांवरून पुढेमागे सरकणारा आडवा पूल, पुलावर कापणारी टॉर्च. कापताना ठिणग्या विझाव्यात म्हणून पत्र्याखाली पाण्याचा ट्रे. रूळ मी बसवले. केसाएवढा फरक काढत, पट्ट्या सरकवत, पुन्हा पुन्हा मोजत. पूल बोटाने ढकलला तरी तेलावरून वाहत जावा तसा जायचा.

अशा टेबलाचा जीव रुळांत असतो. त्यांवर गंजाचा एक खड्डा पडला, की पूल तिथे अडखळतो आणि कापलेल्या पत्र्याच्या कडेला दात येतो. आमच्याकडे घाटकोपरच्या एका हॉलच्या जिन्याच्या जाळ्यांचं काम होतं. बारीक वेलबुट्टी. दात चालणार नव्हता.

पहिले डाग डाव्या रुळावर, मागच्या भिंतीजवळ दिसले. तांबूस, लांबट, शेजारी शेजारी चार. मी बारीक पॉलिश पेपरने घासले, तेल लावलं. ट्रेमधलं पाणी उडालं असेल. दुसऱ्या सकाळी ते घासलेले डाग परत आले नाहीत. त्यांच्या वीतभर पुढे नवे चार आले होते.

"दादा, घामेजल्या हाताने रूळ धरतोस का रे?"

"मी कशाला धरू?"

"बोटांसारखे आहेत म्हणून विचारलं."

त्याने हातमोजे चढवले. डाग येतच राहिले.

मग मी रुळांच्या मागेच लागले. ट्रेमधल्या पाण्यात गंज रोखणारं औषध घातलं. ट्रेच्या कडेला पत्र्याची पाळ लावली. पुलाच्या चाकांपुढे तेलात भिजवलेल्या नमद्याचे, दाबलेल्या लोकरीचे, तुकडे बसवले, म्हणजे पूल जाता-येता रूळ आपोआप पुसला जाईल. चारकोप नाक्यावरच्या सीट कव्हरवाल्याकडून रेक्झिनचे भाते शिवून घेतले, पेटीच्या भात्यासारखे घड्यांचे, आणि दोन्ही रूळ टोकापासून टोकापर्यंत झाकून टाकले. भात्यांच्या आत बोट शिरत नव्हतं.

सकाळी भाता उघडला. आत, तेलाच्या थराखाली, चार डाग. आणखी वीतभर पुढे.

मी रूळच खोलला. तो चौकटीच्या पाइपवर असा घट्ट बसतो की मधे कागद सरकत नाही. उलटा करून उजेडात धरला. खालच्या बाजूला, जिथे जिथे वर चार डाग उठले होते तिथे, एक जाडसर पाचवा डाग होता.

अंगठा.

सहदेवदादाने वाकून ते डाग बघितले. जिना चढताना आजारी माणूस कठडा धरतो, तसा त्याने आपला हात हवेत धरून पाहिला आणि पटकन मागे घेतला.

"चलत येता गो," तो म्हणाला. "भिंतीकडसून तुझ्या खुर्चीकडे."

"खारी हवा आहे, दादा."

"खाऱ्या हवेक अंगठो असता?"

मी रूळ घासायला घेतला.

शेजारच्या गाळ्यात विमलाताई पुठ्ठ्याचे खोके बनवतात. वसाहत उभी राहिल्यापासूनच्या. त्यांना विचारलं, आमच्या गाळ्यात आधी कोण होतं? त्यांनी हातातला खोका पूर्ण चिकटवला, मगच बोलल्या.

"कोण कोण होतं. कुणी टिकलं नाही. भिंत नव्हती तेव्हा भरतीचं पाणी इथवर यायचं, एवढं माहीत आहे बाई मला. तू तरुण आहेस. दुसरीकडे बघ ना जागा."

"आणि तिथेही कुणी काही बोललं, की तिसरीकडे?"

त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "संध्याकाळच्या आत शटर ओढत जा."

दादाने मात्र सरळ सांगितलं. गाळा सोडायचा असेल तर टेबल उचलायला तो टेम्पो घेऊन येईल. सोडायचा नसेल तर तो येणार नाही. मी म्हटलं, "येऊ नकोस." तो खरंच आला नाही. घरी आईसुद्धा त्याच्याच बाजूने. सगळ्यांचं एकच, हट्ट सोड. मी कंपनीत हेच ऐकलं होतं, फक्त शब्द वेगळे होते.

डाग आता रुळाच्या शेवटच्या टप्प्यावर आले होते. माझी खुर्ची तिथून हाताच्या अंतरावर.

सुट्टीच्या दिवशी दुपारी मी एकटीच गाळ्यावर गेले. वसाहतीत सामसूम होती, पण उन्हं भरपूर होती. शटर पूर्ण वर ठेवलं. डाव्या रुळावरचा भाता काढला, रूळ स्वच्छ पुसला, ताजं तेल लावलं आणि खुर्ची ओढून बसले. कारण काय आहे ते मला बघायचं होतं. गळती असली तर गळती, बाष्प असलं तर बाष्प.

बराच वेळ काही झालं नाही. ट्रेमधलं पाणी स्थिर होतं. मग चिखलाचा वास आला. तो रोजच यायचा, पण मागच्या भिंतीकडून. आज तो माझ्या समोरून आला.

रुळावरचं तेल हललं.

चार ठिकाणी ते बाजूला सरकलं. मधल्या पोलादावर दव धरलं, दवाचे थेंब झाले, आणि माझ्या डोळ्यांदेखत ते तांबूस व्हायला लागले.

ट्रेमधल्या पाण्यावर एक तरंगही नव्हता.

माझे पाय उठून पळायला तयार होते. तेवढ्यात त्या तांबूस ठिपक्यांकडे लक्ष गेलं, आणि मला भीतीपेक्षा राग आला. किती वेळा घासला होता मी तो रूळ!

पुढची वीत मोकळी होती. मी माझा पंजा तिथे ठेवला आणि रूळ घट्ट धरला.

थांबले.

आधी गारवा आला. मग वजन. माझ्या बोटांवर बोटं आली, ओली, जड, खरखरीत. त्यांनी माझा हात दाबला नाही. फक्त धरला, आधारासाठी धरतात तसा.

"हात काढ," मी म्हटलं.

वजन वाढलं.

"हा रूळ मी बसवलाय. कुणाच्या बापाने नाही बसवला. मी इथून जाणार नाही, ऐकतोयस ना? कुणीही असशील. मी जाणार नाही."

बोटं तशीच. माझा हात बधिर झाला होता, आवाज मात्र नीट होता.

"बाहेर जागा नाही म्हणून आलास? ठीक आहे. मलाही कुणी जागा दिली नव्हती. पण इथे राहायचं, तर हात कोरडे करून यायचं."

मोकळ्या हाताने मी खिशातलं सुती फडकं काढलं आणि रुळाच्या टोकावर टाकलं.

वजन गेलं.

फडकं हळूहळू काळपट होत गेलं. कडेने पाणी ठिबकायला लागलं. एक थेंब मी जिभेला लावला. खारट.

त्यानंतर रुळावर डाग उठला नाही. मागच्या भिंतीला मी एक खिळा ठोकला आणि रोज शटर ओढण्याआधी त्यावर कोरडं फडकं टांगायला लागले. सकाळी ते ओलं असतं, कुणीतरी पिळून ठेवलेलं. घाटकोपरच्या जाळ्या गेल्या, एकीलाही दात नव्हता. सहदेवदादा महिनाभराने आला, दारातूनच रूळ बघितले, मग आत येऊन बोट फिरवलं.

"काय केलंस गो?"

"बोलले."

 आता दादा रोज येतो. मागच्या भिंतीकडे तेवढा जात नाही. विमलाताई जाता-येता शटरकडे बघतात आणि मी हात दाखवला की मान हलवतात.

परवा टेबलाखालचा चुरा काढायला मी खाली बसले. टेबलाच्या पायांना आम्ही जाड रंग दिलाय, तिथे गंज यायचं काही कारण नाही. भिंतीकडच्या पायावर, माझ्या गुडघ्याच्या उंचीला, पाच ओले डाग होते. इतके बारीक, की सगळे मिळून माझ्या अंगठ्याखाली मावले असते.

दादाला हाक मारली नाही. हातातलं फडकं फाडून त्याची एक लहानशी पट्टी केली आणि त्या पायाला, तिथेच खाली, बांधायला घेतली.

गाठ अजून पक्की व्हायची होती, तोच खालून कुणीतरी ती हळूच ओढली.