मुकादमाची शीळ

हिरडबोडीच्या तलावाच्या पाळीवर सयाबाई मडावीचं चहाचं दुकान आहे. पूर्वी तिथे आलेला माणूस आधी बाकावर बसायचा आणि मग चहा सांगायचा. आता तो आधी पाटी बघतो. दुकानाच्या खांबाला वहीएवढी एक पाटी लावलेली आहे आणि तिच्यावर अक्षरं उमटत राहतात. 'कमळपक्षी, जुनी मादी, पूर्व काठ.' 'सारस, जोडी, बांधावर.' 'तांबट, नवा, मोहाच्या झाडावर.' पाटी सांगेल तिकडे माणसं माना वळवतात, कोणी दुर्बीण लावतो, आणि बहुतेक वेळा पक्षी खरोखरच तिथे असतो.

हे काम कानकुप्यांचं. बोटाच्या पेराएवढी कुपी, झाडाच्या सालीला चिकटवलेली, उन्हावर चालणारी. तलावाभोवती आणि पश्चिमेच्या रानात अशा कितीतरी कुप्या सतत ऐकत असतात. पूर्वीची यंत्रं आवाजावरून पक्ष्याची जात सांगायची. कानकुपी त्याच्या पुढे गेली. माणसाच्या अंगठ्याचा ठसा जसा दुसऱ्याच्या ठशाशी जुळत नाही, तशी प्रत्येक पक्ष्याच्या गळ्याचीही स्वतःची खूण असते. संशोधकांनी तिला कंठखूण म्हटलं. त्यामुळे तांबट बोलला एवढ्यावर गोष्ट थांबेना. कुठला तांबट, मागच्या वर्षीचा की नवा, हेही कळू लागलं.

मग गावानं नावं ठेवली. पाळीवरून कोणीही गेलं की ओरडणाऱ्या टिटवीचं नाव सासू पडलं. आणि रानात दर उन्हाळ्याच्या शेवटी, सगळ्यांच्या आधी शीळ घालणारा एक नवरंग होता, त्याला मुकादम म्हणत. तो बोलला की चार-आठ दिवसांनी दुसरे नवरंग येत आणि रान त्यांच्या शिळांनी भरून जाई. नवरंग हा मैनेएवढा पक्षी. पाठ हिरवी, पोट पिवळट, शेपटीखाली कुंकवासारखा लाल, डोळ्यावरून काळी पट्टी, आणि पंखावर असा निळा रंग की एकदा दिसला तर माणूस दिवसभर तेच सांगत सुटतो. दक्षिणेकडून शेकडो कोस उडत तो वीणीसाठी इथे येतो.

या वर्षी ज्येष्ठ अर्धा सरला तरी मुकादम बोलला नव्हता. त्याच्यामागून येणारेही आले नव्हते.

त्याची चौकशी करायला नागपूरहून डॉ. अर्पिता डोंगरवार आली. कानकुप्या बसवणाऱ्या तुकडीत ती होती, त्यामुळे गाव तिला ओळखत होतं. तिनं चहा घेता घेता विचारलं, "रानात नेहमी जाणारं कोणी आहे का?"

"होती," सयाबाई म्हणाली. "आमची पुष्पकला बाई. अंगणवाडीची. मार्गशीर्षात गेली. आता तिचे मालक येऊन बसतात. ते पाहा. चहा एक आणि बसणं दुपारपर्यंत."

"आइकून राहिलो मी," बाकाच्या टोकाकडून वासुदेव कापगते म्हणाला. सत्तरीचा माणूस. जन्मभर त्यानं पाण्याच्या मोटारी दुरुस्त केल्या होत्या.

"आइकाले यावं म्हणूनच मोठ्यानं बोलली जी. जा न मॅडमले घेऊन. पाय मोकळे होतील."

वासुदेव उठला. पुष्पकला गेल्यापासून तो रानात शिरला नव्हता. पाळीवर बसायचा आणि रानाकडे पाहायचा, एवढंच.

ऐन, धावडा आणि बांबूचं ते रान फार मोठं नाही, पण आत गेलं की तलाव दिसेनासा होतो आणि पायाखाली पानांचा थर लागतो. अर्पितानं चालता चालता सगळं सांगितलं. रानातून रस्ता काढून पलीकडे पाण्याच्या खेळांचं केंद्र बांधायचं घाटत होतं. नवरंगांमुळे ते अडून राहिलं होतं. एकाच लहानशा रानात तेच ते नवरंग वर्षानुवर्षं परत येतात, हे खुणेनिशी दुसरीकडे कुठे सिद्ध झालं नव्हतं. महिन्याअखेर समिती बसणार होती. नवरंग या रानात येत नाहीत असं ठरलं, तर रस्त्याला परवानगी मिळणार होती.

"झाडं तोडतील?"

"मधली सगळी."

वासुदेव एका ऐनाच्या बुंध्याला हात टेकून उभा राहिला. या रानात पुष्पकला पहाटे यायची, अंगणवाडी उघडायच्या आधी. कधी तोही सोबत यायचा आणि कंटाळायचा. एकदा तिनं त्याचं डोकं धरून वळवलं आणि पाचोळा उलटत चाललेला नवरंग दाखवला. त्याच्यानंतर तो कंटाळला नव्हता.

अर्पितानं फोन काढला. "मुकादमाचा आवाज ऐकवते. हळू लावते. अशी एखादी शीळ तुम्ही कुठे दुसरीकडे ऐकली का, सांगा. कदाचित त्यानं जागा बदलली असेल."

फोनमधून दोन सूर आले. पहिला सरळ वर गेला. दुसरा उतरताना जरा अडखळला.

"आणखी एकदा लावा," वासुदेव म्हणाला.

तिनं लावला.

"आणखी एकदा."

बायकोचं खोकणं जसं दुसऱ्या खोलीतून ओळखू येतं, तशी ती शीळ त्याला ओळखू आली. विचार करावा लागला नाही. त्याच्या फोनवर पुष्पकलेच्या आवाजाचे थोडे तुकडे होते, पण ते सगळे 'कुठं आहात', 'येताना दूध आणा' असे. ही शीळ त्यात नव्हती. बाईमाणसानं शिट्टी मारायची नाही, असं सासूनं तिला लग्नानंतर बजावलं होतं, म्हणून ती फक्त रानात येऊन वाजवायची. तिला उत्तर देणारा पक्षी म्हणजे मुकादम, असं वासुदेव इतकी वर्षं समजत होता.

तो खाली बसला.

"काका, पाणी देऊ?"

"या मुकादमाचं काय लिहाल तुम्ही?"

"बेपत्ता लिहावं लागेल. फार वयस्कर पक्षी होता. खरं तर इतका जगणारा नवरंग आम्हाला दुसरा माहीत नाही. त्याच्यावर आम्ही लेखही लिहिलाय."

वासुदेवनं एक बांबूचं पान उचललं, बोटांनी चिरत गेला आणि टाकलं. मग म्हणाला, "मॅडम, हा पक्षी नाही. ही माही बायको आहे."

अर्पिता हसली, आणि त्याच्याकडे पाहून थांबली. मग तिनं फोनवर काहीतरी उघडलं आणि बराच वेळ आवाजाच्या आलेखातली एकेक रेघ सरकवत राहिली. शेवटी तीही पाचोळ्यात बसली.

"कुप्यांना शब्द गाळायला शिकवलंय," ती म्हणाली. "माणूस बोलला की ते साठवायचं नाही. पण शिळेत शब्द नसतात. आम्हाला हे सुचलंच नाही. पक्ष्याइतकी चांगली शीळ माणूस घालेल असं वाटलं नाही."

"त्यावर लेख लिहिला म्हणता. सर्वांत म्हातारा पक्षी म्हणून?"

"हो."

"तिले राग आला असता."

दोघंही हसले, पण अर्पिताचं हसणं लवकर विरलं. "तुम्ही हे मला सांगायला नको होतं, काका. यादीतला पहिल्या क्रमांकाचाच पक्षी माणूस निघाला, तर बाकीच्या नोंदींवर कोण विश्वास ठेवेल? रान गेलं असं समजा."

"मालूम आहे मले."

"मग का सांगितलंत?"

"तुम्ही बेपत्ता लिहिणार होते. ती बेपत्ता नाही. मी स्वतः पोहोचवून आलो तिले."

 अर्पिता पुन्हा फोनमधल्या नोंदी पाहू लागली. या वेळी तिनं मुकादमाला बाजूला काढलं आणि उरलेल्यांच्या तारखा लावल्या. उरलेले खरे पक्षी होते. त्यांच्या कंठखुणा वेगवेगळ्या होत्या, त्यांची पिल्लं मोठी होऊन परत आली होती. फक्त दर वर्षी पहिली शीळ पुष्पकलेची होती आणि मग ते आले होते.

"काका, हे पाहा," ती म्हणाली. "लांबून आलेला पक्षी रानावरून जाताना खाली कान देतो. आपल्यातलं कोणी बोलत असेल, तर जागा चांगली असणार असं समजून उतरतो. घर घेताना आपण नाही का शेजारी कोण आहे विचारत? तुमच्या बाई बोलायच्या, म्हणून ते उतरायचे. यंदा रान गप्प होतं. ते पुढे गेले."

"म्हणजे ती त्यायले फसवत होती?"

"घरटी खरी झाली, पिल्लं खरी झाली. याला फसवणं म्हणायचं का, मला नाही सांगता येत."

मग तीच म्हणाली की उशिरा येणारे नवरंग अजून वाटेत असतील. पुष्पकलेची शीळ यंत्रावर लावली तर एखादा उतरेल. पण पक्ष्यांना असे आवाज ऐकवायला मनाई आहे, आणि ती योग्य आहे. यंत्र वाजतच राहतं. आलेल्या पक्ष्याला वाटतं की दुसरा नर हटत नाही. तो खाणंपिणं सोडून दिवसभर भांडत बसतो.

पुष्पकलेची शीळ पुन्हा रोज पहाटे रानात घुमली असती. ते वासुदेवला हवं होतं. तरी तो म्हणाला, "ती दोनदाच वाजवायची. तिकडून उत्तर आलं की चूप. मंग मलेही बोलू देत नव्हती. यंत्र नको. मीच पाहतो."

दुसऱ्या दिवशी सयाबाईच्या दुकानात त्यानं शीळ घालून पाहिली. कवळीतून नुसती हवा निघाली.

"भाऊ, कुकर लावला का जी?" सयाबाईनं विचारलं. गिऱ्हाईकं हसली.

"तू वाजवून दाखव."

"मी? माह्या शिटीवर बकऱ्या येतील धावून. पक्षी नाही येणार."

तरी तिनं वाजवली, आणि पाळीवरची सासू टिटवी ओरडत उडाली. त्यानंतर गावातले बरेच जण वाजवू लागले. दुकानदार, पोस्टमन, धानगिरणीवाला. काही दिवस हिरडबोडीत कोणी कोणाशी सरळ बोलेना. वासुदेव कवळी काढून, ओठ आत ओढून, एकटा रानात बसायचा. मोटारीतल्या तारेचं वेटोळं चुकलं की तो ते पहिल्यापासून सोडून पुन्हा गुंडाळायचा, तसंच हे चाललं होतं. अर्पिता गावातच राहिली होती. आपल्या अहवालात तिनं खरं ते लिहिलं होतं. पहिल्या क्रमांकापुढे 'नवरंग' खोडून 'पुष्पकला वासुदेव कापगते, माणूस' असं तिनं लिहिलं आणि ते वासुदेवला वाचून दाखवलं. समिती त्यावर काय म्हणेल, हे तिलाही माहीत नव्हतं.

एके दिवशी उजाडल्यावर दोघं बांबूंच्या कडेला बसले होते. वासुदेवनं ओठ आवळले. पहिला सूर निघाला. दुसरा उतरताना अडखळला, आणि तो अडखळला म्हणूनच बरोबर वाटला. त्यानं पुन्हा वाजवली आणि तो थांबला.

पलीकडून उत्तर आलं.

अर्पितानं त्याचा हात घट्ट धरला. वासुदेवला आणखी एकदा वाजवायची फार इच्छा झाली. त्यानं ओठ दात नसलेल्या हिरड्यांत दाबून धरले.

पाचोळा हलला. दोन उड्या, थांबणं, पुन्हा दोन उड्या. बांबूंच्या खालून नवरंग मोकळ्यावर आला. आखूड शेपूट वरखाली करत तो उभा राहिला. कवडशात आला तेव्हा पंखावरचा निळा रंग पेटल्यासारखा झाला. एवढ्याशा छातीवर तो किती मुलूख ओलांडून आला होता, आणि आता छाती पुढे काढून म्हाताऱ्या माणसाकडे बघत होता. 

अर्पिताच्या फोनवर अक्षरं उमटली. 'नवरंग, चौथा. जुना नर. येण्याचं सहावं वर्ष.'

"भांडायला आलाय," ती अगदी हळू म्हणाली. "शीळ कोणाची ते शोधतोय."

पक्ष्यानं मान तिरकी करून वासुदेवला पाहिलं. मग त्याच्या डाव्या बाजूला पाहिलं, जिथे कोणी नव्हतं. मग पुन्हा वासुदेवकडे. तो घाबरला नाही. एक वाळकं पान त्यानं चोचीत उचललं आणि ते घेऊन तो बांबूंत शिरला.

"पान नेलं," अर्पिता म्हणाली.  "घरट्यासाठी असेल. काका, तो राहतोय."

"दर वर्षी हा असाच मोकळ्यावर येत असेल न मॅडम? शीळ आइकून?"

"येत असणार."

"मंग यानं तिले पाहिलं असेल. लुगडं नेसलेली, ओठांचा चंबू केलेली, समोर बसलेली."

"पाहिलं असेल."

"मंग याले मालूम असेल की ती नवरंग नाही."

अर्पितानं फोनकडे पाहिलं. तिथे त्या पक्ष्याचं वय होतं, वजनाचा अंदाज होता, गळ्याची खूण होती. वासुदेव काय विचारतोय, त्याच्याबद्दल तिथे काहीच नव्हतं. तिनं फोन खिशात ठेवला.

वासुदेव बांबूंकडेच पाहत होता. पान घेऊन गेलेला पक्षी परत दुसरं न्यायला येत होता.

"तरी सहा वर्षं आला," तो म्हणाला. "मालूम असूनच येत होता का जी?"