ठकूचं सुतक

"कुलूपच ठोकतो त्या कोठीला! मग बघतो कशी जाऊन बसतेस ती."

"ठोक," मी म्हटलं. "चौसष्ट वर्षांपूर्वी बाबांनी बाहेरून कडी घातलीच होती. आता तू कुलूप ठोक."

खंडोजी, माझा थोरला भाऊ, चौऱ्याहत्तर वर्षांचा. त्यानं कॉफीचा लोटा खाली आपटला. "कसली कडी? ठकू होसकोट्याला आत्याकडे गेली, तापानं तिथंच वारली. स्वल्प तरी अक्कल ठेव, सोयरा!"

"अण्णा, होसकोट्याला आपली आत्याच नव्हती."

तो नजर चुकवून उपरणं सारखं करू लागला. पण नजर चुकवणं म्हणजे कबूल करणं नव्हे, आणि मला कबुली हवी होती.

हे बासष्ट सालचं, बळेपेटेतल्या आमच्या घरातलं. दुपारचे चार वाजलेले, बाहेर लख्ख ऊन. भुतं रात्रीच येतात हे तुम्हाला कुणी सांगितलं?

अठराशे अठ्ठ्याण्णवच्या प्लेगात घरी रोगी सापडला, की सगळ्या घराला गावाबाहेरच्या झोपड्यांत नेत, मागे घरात गंधक जाळत. ठकू, आमची धाकटी, तीन वर्षांची. जांघेत गाठ आली होती. तपासणीवाले गल्लीत शिरले तेव्हा बाबांनी आम्हा तिघांना रागीच्या कोठीत कोंडलं. मी सहाची, खंडोजी दहाचा. "ती रडता कामा नये," एवढंच बाबा म्हणाले. ती रडली. मग थांबली. दार उघडलं तेव्हा संपली होती.

सुतक धरलं असतं तर गल्लीला कळलं असतं. म्हणून धरलं नाही. उलट तिसऱ्या दिवशी आईनं सणासारख्या होळग्या, पुरणपोळ्या केल्या, तुपाचा वास शेजारीपाजारी जावा म्हणून. आणि मी त्या खाल्ल्या! दोन खाल्ल्या.

तेव्हापासून बंद दाराआड मी झोपले नाही. लग्न झालं, नवऱ्यानं दाराला कडी लावली आणि मी अशी किंचाळले की महिन्याभरात माहेरी आणून सोडली. कारण काय, ते मी कुणाला सांगितलं नाही. मला पक्कं वाटत होतं, तिच्या तोंडावर दाबलेला हात माझाच होता.

देवऋषी झाले, गंडे झाले, डॉक्टर झोपेच्या गोळ्या देऊन मोकळे. शेवटी अव्हेन्यू रोडच्या जुन्या पुस्तकांतून मनाच्या आजारांवरचं एक जाडं इंग्रजी पुस्तक आणलं आणि शब्दकोश घेऊन दीड वर्ष त्याच्याशी झगडले. शाळेचं तोंड न पाहिलेल्या, घरीच अक्षरं शिकलेल्या बाईला त्यातून कळलं ते एवढं: ज्याची भीती, त्याच्याजवळ रोज थोडं थोडं बसावं, आणि घडलं ते मोठ्यानं बोलावं.

तशी बसू लागले. रोज चारला. आधी दार हातभर उघडं, दहा अंक मोजायचे. मग वीस. मग दार बंद. सहा महिन्यांत शंभरापर्यंत पोहोचले. झोप येऊ लागली. पण साठाच्या पुढे काळोखात कुणीतरी नाकानं धापा टाकायचं... बारीक, भरभर. मनाचे खेळ म्हणून मी मोजत राहायची.

आदल्या दिवशी मात्र माझे हात धरले गेले. दोन्ही. दोन लहान, तापलेल्या हातांनी, घट्ट. मी मोजणं विसरले. तिनं माझे दोन्ही हात धरले होते, म्हणजे तेव्हाही असेच धरले असणार. मग तिच्या तोंडावर कुणाचा हात होता?

"तेवढंच सांग, अण्णा. तू दहा वर्षांचा होतास, तुला फाशी देत नाही मी. एकदा बोल, आणि मला मोकळं कर."

"वेड्यांच्या इस्पितळात टाकीन तुला! काही नाही त्या कोठीत. थांब, दाखवतोच."

रागारागानं आत गेला आणि दार त्यानंच लावून घेतलं. मी बाहेर उभी राहून मोठ्यानं मोजू लागले.

तिसाला आतून खोकला आला. चाळिसाला फटीतून गंधकाचा वास आला, घसा खरवडणारा. एक्केचाळिसाला आवाज आला, खंडोजीचा, पण म्हाताऱ्याचा नव्हे, दहा वर्षांच्या पोराचा.

"सोयरा... ती ऐकत नाहीये... ते आलेत गं अंगणात..."

मग काहीच नाही. मी मोजत राहिले. थांबायला हवं होतं का? मी नाही थांबले.

साठाला दार उघडलं. तो उन्हात येऊन उभा राहिला, उजवा हात उपरण्यात गुंडाळलेला.

"पाहिलंस?" तो म्हणाला. "काही नाही. रिकामी कोठी. तुझ्या डोक्यातलं सगळं."

लोटा त्यानं डाव्या हातानं उचलला. उपरण्यावर एक लहानसा लाल अर्धगोल उमटत होता, मग त्याच्यासमोर दुसरा.

"आता हा विषय बंद," तो म्हणाला. "सरी? कळलं ना?"

"हळद लाव त्या तळव्याला, अण्णा, दुधाचे दात असले तरी खोल गेलेत."